वरची खोली, भाडं शून्य

मथुरा – आणि मी चुकले तर?

उन्नती – तुम्ही चुकलात तरी चूक तुमची नाही, आई. साइटची. परीक्षा हिची आहे, तुमची नाही.

मथुरा – हे आवडलं मला. आमच्या सासूबाईंना कुणीतरी सांगायला हवं होतं. भाकरी करपली तर चूक तव्याची.

उन्नती – आता ऐका. हा माझाच फोन आहे. ऑफिसने चाचणीसाठी दिलेला केव्हाचा चार्जिंगला लावलाय, तो काही उठत नाही. तर ह्याच्यावर मी ‘देवघेव’ उघडून दिलंय. आपल्या वसई-विरारपुरती साइट. जुना फ्रिज विकायचा, शिकवणी घ्यायची, घर भाड्याने द्यायचं, सगळ्याच्या जाहिराती इथे.

मथुरा – त्यासाठी तर बाजारात ती वाणसामानवाली आहे. तिला एक सांगितलं की संध्याकाळपर्यंत भुईगावभर होतं.

उन्नती – तिच्याशीच आमची स्पर्धा आहे. साइट सुरू झाली, तरुण मुलं वापरतात, पण साठीच्या आसपासची माणसं जाहिरात लिहायला घेतात आणि अर्ध्यात सोडून जातात. का सोडतात ते मला शोधायचंय. तुम्ही एक जाहिरात टाकायची. मी शेजारी बसून बघणार. पडद्यावरचं आणि आपलं बोलणं रेकॉर्ड होतंय. उद्या कौस्तुभ सर ऐकतील.

मथुरा – म्हणजे तू मला बघायला आलीस.

उन्नती – तसंच समजा.

मथुरा – मी तुला बघायला आले होते तेव्हा तुझ्या आईने पोहे तरी दिले होते.

उन्नती – आणि तुम्ही विचारलंत, पोहे मुलीने केलेत का.

मथुरा – आणि तू म्हणालीस, नाही, खालच्या हॉटेलातून आणलेत. तुझ्या आईचा चेहरा बघण्यासारखा होता. बाहेर पडल्या पडल्या मी भावेशच्या बाबांना म्हटलं, ही चालेल. हिच्या पोटात काही राहत नाही.

उन्नती – आई, रेकॉर्ड होतंय.

मथुरा – मग? खोटं आहे का?

उन्नती – एक नियम आहे. मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. काय दिसतंय, काय कळत नाही, कुठे राग येतो. सगळं.

मथुरा – सगळं?

उन्नती – सगळं.

मथुरा – सुनेसमोर?

उन्नती – साइटबद्दलचं सगळं.

मथुरा – हां, तसं सांग. नाहीतर रेकॉर्ड पुरलं नसतं.

उन्नती – आणि मी मदत करणार नाही. तुम्ही विचारलंत, हे दाबू का, तर मी म्हणेन, तुम्हाला काय वाटतं?

मथुरा – भावेशचे बाबा लग्न झाल्यापासून हेच म्हणतात. त्यांना कुठे माहीत, ह्याची नोकरी असते.

साइट – हाय उन्नती! आज काय देतेस, काय घेतेस?

मथुरा – हा मला उन्नती म्हणतोय.

उन्नती – माझ्या नावाने उघडलंय म्हणून. तुम्ही बोलत राहा. काय वाटलं?

मथुरा – अगं-तुगं करतोय. ओळख ना पाळख. वाटलं की ज्याने हे लिहिलं त्याच्या घरात मोठं माणूस नसेल.

उन्नती – हं.

मथुरा – तू लिहिलंस?

उन्नती – चाचणी घेणाऱ्याने मत द्यायचं नसतं.

मथुरा – म्हणजे तूच. बरं, माझं काही म्हणणं नाही. मोठं माणूस आहे घरात, पण त्याला विचारलं नाही, एवढंच. आता खाली सरकवते. इथे काहीतरी आलंय. वाचायचं?

उन्नती – वाचा ना, मोठ्याने.

साइट – तू नुकतंच पाहिलेलं: १ बीएचके, बोळिंज, लिफ्ट आहे. १ बीएचके, बोळिंज, बाल्कनीसह. १ बीएचके, बोळिंज, नवविवाहितांसाठी उत्तम.

मथुरा – ‘तू नुकतंच पाहिलेलं.’ मी? मी तर बोळिंजला शेवटची गेले ती शेजारच्या जयवंतांच्या नातीच्या बारशाला.

उन्नती – ते... उदाहरणादाखल असतं.

मथुरा – सगळी उदाहरणं बोळिंजचीच. आणि ह्या मधल्या उदाहरणावर लाल बदाम आहे.

उन्नती – आई, आपलं काम जाहिरात टाकायचं आहे. वरचं पिवळं बटण...

मथुरा – तू मदत करणार नव्हतीस.

उन्नती – नाही करत.

मथुरा – मी तरी कुठे काही विचारलं? जे दिसलं ते बोलले. नियम तुझा आहे. हं, हे पिवळं. ‘जाहिरात टाक.’ टाकते. काय विकायचं म्हणालीस?

उन्नती – घरातलं काहीही. खरं नाही विकायचं, नुसता सराव. तो माळ्यावरचा मिक्सर घ्या. नाहीतर बाबांचा रेडिओ.

मथुरा – मिक्सर चालू आहे आणि रेडिओला हात लावला तर बाबा जेवणार नाहीत. जे रिकामं पडणार आहे ते द्यावं माणसाने. सामान ठेवून काय करायचं. आता हा विचारतोय, कुठल्या प्रकारात. वाहन, कपडे, मालमत्ता. मालमत्ता नको.

उन्नती – का नको?

मथुरा – मालमत्ता म्हटलं की भावाभावांची भांडणं आली, वकील आले. माझी साधी खोली आहे. खोली कुठे?

उन्नती – खोली?

मथुरा – वरची.

उन्नती – आमची?

मथुरा – तुम्हाला काय वाटतं?

उन्नती – आई.

मथुरा – तुझीच ओळ आहे. छान आहे ओळ. समोरच्याला एकदम गप्प करते. हे बघ, इथे आत आणखी आहे. ‘पीजी.’ ‘को-लिव्हिंग.’ हे दुसरं काय?

उन्नती – ते... वेगवेगळी माणसं एका घरात राहतात. खोल्या ज्याच्या त्याला, स्वयंपाकघर एक.

मथुरा – म्हणजे आपलं घर. तेच दाबते.

उन्नती – आई, रेकॉर्डिंग थांबवू का थोडा वेळ?

मथुरा – का? चुकलं का माझं? चूक तर साइटची म्हणालीस. आता म्हणतोय, शीर्षक लिही. ‘वरची खोली.’ पुढे वर्णन. किती लिहायचं? लिहीन तेवढं? मग बोलत बोलत लिहिते, तू ऐक. ‘भुईगाव. वाडीतलं घर. वरची खोली. दोन खिडक्या, एक वाडीकडे, एक रस्त्याकडे. वाडीकडची उघडी ठेवली तर पंखा लागत नाही.’ पूर्णविराम कुठे असतो?

उन्नती – तुम्हाला...

मथुरा – ...काय वाटतं. सापडला. ‘भिंतीला रंग नवीन, सुनेने निवडलेला. आधी मला आवडला नव्हता. आता आवडतो. कपाटाचं उजवं दार जरा उचलून लावावं लागतं. पत्र्यावर आंब्याची पानं आणि कधी खार पळते, रात्री घाबरू नये.’

उन्नती – मी पहिल्या दिवशी किती ओरडले होते.

मथुरा – बाबा काठी घेऊन आले वर. खार म्हणाली असेल, ही कोण नवीन. ‘सकाळी चहा खाली तयार असतो. हाक मारत नाही. झोप झाली की यावं. नवीन लग्न झालेल्यांना चालेल. लग्न जुनं झाल्यावरही चालेल.’ बास?

उन्नती – बास, आई.

मथुरा – डोळ्यांत काही गेलं का?

उन्नती – नाही. तुम्ही पुढे चला.

साइट – फोटो नाही तर ग्राहक नाही! एक मस्त फोटो टाक.

मथुरा – ह्याला सारखा उत्साह कसला येतो? फोटो. दाबलं. अगंबाई, हे सगळे तुझे फोटो उघडले.

उन्नती – थांबा, मी दाखवते...

मथुरा – मदत नाही. हा भावेश झोपलेला. हा भावेश खातोय. हा परत झोपलेला. नोकरीला कधी जातो हा? आणि ही कुठली खोली? काळा ओटा, वर पांढरी कपाटं. ही बोळिंजची का?

उन्नती – हो.

मथुरा – लाल बदामवाली?

उन्नती – हो.

मथुरा – ओटा बुटका आहे. तू उंच, वाकून वाकून कंबर जाईल. मालकाला सांगून खाली विटा लावून घ्या. खिडकीतून काय दिसतं?

उन्नती – समोरची बिल्डिंग.

मथुरा – हं. आपल्या खोलीचा फोटो एकही नाही तुझ्याकडे.

उन्नती – रोज बघतो ना तिच्याकडे. कोण काढतं फोटो.

मथुरा – खरं आहे. मग ही खिडकीतली मांजर टाकते. मागे गज दिसतात, त्यावरून समजेल. आता भाडं. मी लिहिते, ‘बोलून ठरवू.’

साइट – अरेरे! फक्त आकडे चालतील.

मथुरा – बोललेलं ह्याला चालत नाही. आमच्याकडे आधी चहा, मग बोलणं, आकडा सगळ्यात शेवटी, तोही उठताना चप्पल घालता घालता. हा आल्या आल्या आकडा मागतो. शून्य लिहिलं तर चालेल का?

उन्नती – लिहून बघा.

मथुरा – चाललं. शून्याला काही म्हणाला नाही. तुझ्या कौस्तुभ सरांना सांग, इथेच सोडून जातात माणसं. म्हातारी आहेत म्हणून नाही, त्यांना आधी बोलायचं असतं.

उन्नती – हे खरंच लिहून घेते मी. आता शेवटचं बटण.

मथुरा – ‘टाकून दे.’ फेकायची वस्तू असल्यासारखं. दाबलं.

साइट – भारीच! तुझी जाहिरात वसई-विरारमध्ये सर्वांना दिसू लागली आहे.

मथुरा – बघ, झालं की. सर्वांना म्हणजे कौस्तुभ सरांना ना?

उन्नती – हो, ही सरावाची... एक मिनिट. वर हिरवी पट्टी का नाहीये?

मथुरा – कसली पट्टी?

उन्नती – सरावाच्या साइटला वर हिरवी पट्टी असते. हा माझा फोन. माझ्या फोनवर मी... अय्यो. आई, मी खरीच उघडून दिली तुम्हाला.

मथुरा – म्हणजे माझी खोली खरी गेली बाजारात?

उन्नती – आणि माझा नंबर टाकून. द्या इकडे, काढते लगेच.

मथुरा – अशी हिसकावू नकोस. मी टाकली, मीच काढते. तेही बघ ना शिकायला मिळतंय तर. म्हातारं माणूस जाहिरात कशी काढतं.

उन्नती – बरं. काढा. पण लवकर.

मथुरा – घाई नको करू. ‘बदल कर.’ हे नाही. ‘मित्रांना पाठव.’ मुळीच नाही. बंद कर असं कुठे दिसत नाही. बरोबरच आहे, बंद म्हणू नये. आता ही ओळ मात्र वळण असलेल्या माणसाने लिहिलीय. तुझीच असेल तर शाबास. ‘जाहिरात वाढवा.’

उन्नती – आई, ते नका...

मथुरा – दाबलं.

साइट – क्या बात! तुझी जाहिरात वाढवली आहे. नायगावपासून विरारपर्यंत सर्वांत वर आता तूच!

मथुरा – हा का नाचतोय?

उन्नती – काय केलंत हो आई. वाढवा म्हणजे... वाढवा. अजून लोकांना दाखवा. पहिल्या नंबरवर न्या.

मथुरा – वाढवा म्हणजे मिटवा. दिवा वाढवतात तो काय मोठा करतात? दुकान वाढवलं म्हणजे फळी लावली, घरी गेला. बांगडी वाढवली म्हणजे फुटली. तुमच्याकडे काय म्हणतात?

उन्नती – आमच्याकडेही तेच म्हणतात. आजी तर विझव म्हटलं की तोंडावर हात धरायची. मला माहीत आहे हा शब्द. तरी मीच लिहिला तिथे, आणि एकदाही डोक्यात आलं नाही.

मथुरा – ऑफिसात कुणाच्या नाही आलं?

उन्नती – ऑफिसात सगळ्यात मोठे कौस्तुभ सर. ते तिशीचे आहेत. म्हणजे आमचे सगळे म्हातारे जाहिरात बंद करायला जातात आणि ती वर चढवून ठेवतात. आणि मग फोन थांबत नाहीत म्हणून वैतागून साइटच काढून टाकतात. आणि आम्ही अहवालात लिहितो, ज्येष्ठांना वाढवा हे बटण फार आवडतं.

मथुरा – हसतेस काय? खोली काढ माझी.

उन्नती – काढतेच आहे.

साइट – वाढवलेली जाहिरात तासाभरानंतर काढता येईल. तोवर मजा कर!

मथुरा – हे कुणी लिहिलं?

उन्नती – मी. नियम सरांचा, मजा कर माझं.

मथुरा – कर मग मजा.

उन्नती – आई, मी रेकॉर्डिंग बंद करते आता. खरंच.

फोन – रेकॉर्डिंग थांबलं.

मथुरा – थांबलं? आता कुणी ऐकत नाही?

उन्नती – कुणी नाही.

मथुरा – मग आता बोल. मोठ्याने. मनात येईल ते.

उन्नती – तुम्हाला कधीपासून माहीत आहे?

मथुरा – भावेशने बाबांना सांगितलं त्या संध्याकाळपासून. वाडीत पाणी सोडताना सांगितलं, आणि वर म्हणाला, आईला इतक्यात सांगू नका. बाबा तसेच ओल्या पायांनी आत आले आणि मला म्हणाले, भावेश बोळिंजला जागा बघतोय, पण त्याने सांगितलंय की मथुराला सांगायचं नाही. तर तू ऐकलं नाहीस असं समज.

उन्नती – आणि तुम्ही ऐकलं नाहीत असं समजलात.

मथुरा – वाट बघत होते. म्हटलं हिच्या पोटात काही राहत नाही, ही सांगेल. पोह्यांचं एका मिनिटात सांगितलंस. ह्याला एवढे दिवस लागले, म्हणजे माझीच भीती वाटत असणार. तेवढं एक लागलं मला. जाण्याचं नाही.

उन्नती – जाण्याचं पण लागलं.

मथुरा – बरं, जाण्याचं पण. तो रंग दिवाळीपर्यंत तरी टिकेल असा लावला होता. मला सांग, स्टेशन लांब पडतं म्हणून जाताय का? ते असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. पहाटे रिक्षा शोधत धावतेस ते बघते मी.

उन्नती – स्टेशन आहेच. आणि कधीकधी दार लावून नुसतं बसावंसं वाटतं.

मथुरा – ते मलाही वाटायचं. आमच्या वेळी दारंच नव्हती, पडदे होते. अजून काय?

उन्नती – काही नाही.

मथुरा – उन्नती, तासभर मजा करायची आहे. बोल.

उन्नती – तुम्ही आणि बाबा मागच्या अंगणात बोलत असता. तुमच्या बोलीत. भरभर, हसत, एकमेकांना टोचत. बाबा काहीतरी म्हणतात आणि तुम्ही पदर तोंडाला लावता. मी चहाचा कप घेऊन दारात येते आणि सगळं थांबतं. बाबा खाकरतात आणि मला विचारतात, ‘काय, आज कार्यालयास सुट्टी आहे काय?’ कार्यालयास, आई. असं माझ्याशी शाळेतले मास्तर पण कधी बोलले नाहीत.

मथुरा – ते तुझ्यासाठी करतात गं. आठवून आठवून. मला रात्री विचारतात, ऑफिसला शुद्ध काय म्हणायचं.

उन्नती – मला माहीत आहे प्रेमाने करतात. पण पाहुणी आल्यावर माणसं जशी बसल्या जागी सरळ होतात ना, तशी तुम्ही दोघं होता. रोज. लग्नाला इतके महिने झाले, मी अजून पाहुणीच आहे. पाहुणीने किती दिवस राहायचं?

मथुरा – आम्हाला वाटलं तुला कळणार नाही आमचं.

उन्नती – पहिल्या महिन्यात नव्हतं कळत. आता सगळं कळतं. दारामागे उभं राहून शिकले. मागच्या महिन्यात तुम्ही माझ्या आमटीबद्दल बाबांना काय म्हणालात तेही कळलं.

मथुरा – काय म्हणाले?

उन्नती – की बावखलातलं, वाडीतल्या त्या तळ्यातलं, पाणी हिच्या आमटीपेक्षा दाट असतं.

मथुरा – अरे देवा.

उन्नती – मला इतकं हसू आलं. पण हसता येईना, कारण मला कळत नाही असं ठरलेलं. तेव्हा मी भावेशला म्हटलं, आपण जाऊ या.

मथुरा – आमटीवरून नाही रागावलीस?

उन्नती – आमटी पातळच होती. तोंडावर म्हणाला असतात तर राहिले असते बहुतेक.

मथुरा – भावेशनेच बजावलं होतं आम्हाला. लग्नाआधी. आई, ती साताऱ्याकडची, डोंबिवलीत वाढलेली, तिच्यासमोर आपलं बोलू नका, हसेल.

उन्नती – मला म्हणाला, आईबाबांना नव्या माणसांशी शुद्धच बोलायला आवडतं, तू मध्ये पडू नकोस.

मथुरा – म्हणजे दोन्हीकडचा दलाल हाच. आणि त्याचं काय, तो फोटोत झोपलाय. थांब, येऊ दे त्याला संध्याकाळी. तुझा फोन थरथरतोय.

उन्नती – अनोळखी नंबर आहे. सुरू झालं. आई, उचलू नका, तासभर वाजू दे.

मथुरा – लोकांचा फोन असा वाजू देऊ नये. कुणी गरजेचं असलं तर? हे हिरवं दाबते. हॅलो.

आलोशियस – हॅलो, कोन बोलतंय? ते भुईगावच्या खोलीचं बघून फोन केला. मी आलोशियस. आमी डहाणूकडचे.

मथुरा – बोला ना. ऐकते.

आलोशियस – माझी भाची हाय, जीना. नर्स हाय. वसईला नोकरी लागली. पोरगी एकटी, म्हनून घरगुती जागा बघतोय. तुमचं वाचलं. पंखा लागत नाय, खार पळते, चहाला हाक मारत नाय. माझी बायको म्हनाली, हिथंच ठेवा पोरीला. आता येवढं सांगा, पानी चोवीस तास हाय का, आणि खोली रिकामी कधी होनार?

मथुरा – पाणी आहे. रिकामी कधी होणार ते... थांबा हं, जिची खोली आहे तिलाच देते. घे.

उन्नती – मी काय सांगू?

मथुरा – खरं सांग. मी आता काही म्हणणार नाही. तुझी ओळही नाही म्हणणार.

उन्नती – नमस्कार, काका. मी उन्नती. जाहिरात चुकून गेली हो, माफ करा. बटण आमचंच चुकलं.

आलोशियस – म्हंजे खोली नाय?

उन्नती – खोली आहे. आम्ही नवराबायको पुढच्या महिन्यात बोळिंजला राहायला चाललोय.

आलोशियस – मग रिकामीच की.

उन्नती – नाही. रिकामी नाही होणार. शनिवार-रविवारी आम्ही इथेच असतो. कपाटही नेत नाहीये. ती खोली देता येणार नाही, काका.

आलोशियस – बरं, बरं. भाडं शून्य बघून बायको म्हनालीच होती, हे कायतरी घरातलं हाय.

मथुरा – अहो, पण नंबर ठेवते तुमचा. इथे शेजारी जयवंतांची मागची खोली असते, स्वतंत्र दार आहे, त्यांच्या बायकोला आजच विचारते. नर्स मुलगी म्हटल्यावर ती नाही म्हणायची नाही, तिचे गुडघे दुखतात. जीनाला म्हणावं, येऊन बघून जा. तिने बघितल्याशिवाय ठरवू नका.

आलोशियस – लय उपकार झाले, ताई. ठेवतो.

मथुरा – ठेवला. भला माणूस. परत वाजायच्या आत तो फोन उशीखाली घाल.

उन्नती – घातला.

मथुरा – कपाट नेत नाहीस?

उन्नती – त्याचं दार तिथे कोण उचलून लावणार.

मथुरा – भावेशला माहीत आहे का, शनिवार-रविवारचं?

उन्नती – मलाच आत्ता माहीत झालं. फोनवर बोलताना.

मथुरा (आता घरच्या बोलीत, भरभर) – शनिवारी जेवायला येणार, की जेवून?

उन्नती – जेवायला. आमटी मी करेन.

मथुरा (त्याच बोलीत) – मग आम्ही जेवून घेतो.